आठवा भिडू

दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने घरात सवत आणली. सवत म्हणजे त्याने बनवलेला ऑनलाइन लगोरीचा गेम. मी पुष्करच्या तोंडावरच तिला सवत म्हणायचे, कारण त्याचे सगळे रविवार तिने खाल्ले. टोकियोत, फुनाबोरीतल्या आमच्या इवल्याशा घरात मी एकटी कचरा वेगळा करत बसायचे आणि हा पठ्ठ्या आत कॉम्प्युटरवर लगोरीच्या दगडांना रंग देत असायचा.

गेम छान होता, पण तिकडे कुत्रं फिरकत नव्हतं. आठ भिडू जमल्याशिवाय डावच लागत नाही. एखादा यायचा, रिकामं मैदान बघायचा आणि निघून जायचा. मग पुढच्यालाही मैदान रिकामंच!

"अरे, रिकाम्या खानावळीत कोण शिरतं?" मी म्हणायचे.

शेवटी त्याच्या साहेबांनी, किनोशिता-साननी, सांगून टाकलं: रविवारी चारला मीही येतो. चार वाजून पाच मिनिटांपर्यंत डाव लागला नाही, तर सोमवारी कंपनीच्या सर्व्हरवरून गेम बंद. पुष्करचं तोंड एवढंसं झालं. मला बघवेना.

"माणसं मी जमवते," मी म्हटलं. ऑफिसवाले पाच मिनिटं आधी हजर होणार आणि आपलं मराठी मंडळ अर्धा तास उशिरा. म्हणून मंडळाला साडेतीनची वेळ कळवली. आहे की नाही डोकं!

रविवारी तीन पंचावन्नला पुष्करच्या स्क्रीनवर किनोशिता-सान धरून ऑफिसचे चौघे मैदानात आले. चारच्या ठोक्याला आदित्य, स्वरूपा आणि संजीव, "सॉरी हं, उशीर झाला" म्हणत. सात! पुष्कर आत सर्व्हर सांभाळत होता, त्याला खेळता येईना. मी मंडळातल्या विभाला फोन लावला.

"अगं, कुठे आहेस?"

"अय्या! आठवी तू असशीलच ना, म्हणून मी नाही आले."

मी? आठवडाभर गावाला 'खेळा, खेळा' सांगत फिरले आणि माझ्या फोनवर तो गेमच नव्हता. शरमेने कान तापले. धडपडत डाउनलोड केला. चार वाजून चार मिनिटं. गेमने नाव विचारलं, सुचलं ते टाकलं.

शिट्टी वाजली. "आठवा आला!" आतून पुष्कर ओरडला.

फोनमधून किनोशिता-सान जपानीत अदबीने म्हणाले, "सवत-सान, आपलं स्वागत आहे."

पुष्कर दारात आला. हसत होता, डोळे मात्र भरलेले.

"जा बाबा आत," मी म्हटलं, "आम्हा दोघींना खेळू दे."