बर्फाखालचा अभिमन

अहमदाबादेतलं माझं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. उपग्रहावरच्या रडारने ढगांआडूनही टिपलेली हिमनद्यांची चित्रं आमच्याकडे येत, आणि ज्या बर्फावर जन्मात पाय ठेवला नाही त्याबद्दल मी छातीठोकपणे बोलत असे.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात द्रौपदाआत्याने मला धुळ्याला बोलावून घेतलं. तिचा एकुलता एक मुलगा अभिमन फौजेत होता. सहा वर्षांपूर्वी हिमनदीवर बर्फाचा कडा कोसळला आणि पंचवीस वर्षांचा अभिमन गाडला गेला. फौजेने तो गेल्याचं कळवलं, पण देह सापडला नाही. आत्या एकच धरून बसली होती, “मढं दखं नही, मंग मरना कसा?”

आता त्याच्या बायकोला, कमलला, दीपनगरच्या आधार नावाच्या माणसाचं स्थळ आलं होतं. रविवारी पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावायचा ठरला होता. पण नवरा जिवंत असेल तर पाट कसला? आणि सासू हो म्हटल्याशिवाय कमल उंबरा ओलांडणार नव्हती. आत्याची समजूत पटावी म्हणून मी त्याच हिमनदीचं चित्र सोबत नेलं.

“हे बघ, यातला एक ठिपका आपल्या घराएवढा आहे. माणूस दिसत नाही यात.”

“तरी दख ना, माय. ढगमाईन दखास तुना रडारले, मंग बर्फना खाले नही दखावत का?”

ती एकेका ठिपक्यावर बोट ठेवून “हाऊ का? हाऊ का?” विचारू लागली. मला ते बघवेना. तिला बरं वाटावं म्हणून बोलून गेले, “आत्या, बर्फही नदीसारखा वाहतो. वर गाडलेलं कधीतरी खाली बाहेर पडतं. जसंच्या तसं.”

आत्याने डोळे पुसले. “मंग निंघी मना पोऱ्या. पाट राहू द्या.”

माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. स्वतःवरचा राग मी तिच्यावर काढला. “साठ-पासष्ट वर्षं लागतील, आत्या. उद्या नाही येणार तो.”

कमल चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

“जशाना तशा निंघतीन?” तिने नवऱ्याबद्दल मला विचारलं. “पंचवीस वरीसना?”

“हो.”

“मी तवय नव्वदनी व्हसू. माले आजी म्हनतीन.” एवढं बोलून ती पिठाच्या हातांनीच तोंड झाकून रडायला लागली. सहा वर्षांत ती आमच्यासमोर कधी रडली नव्हती.

तव्यावरची भाकरी करपली. आत्याने उठून ती उतरवली, कमलच्या डोक्यावर हात ठेवला.

“रविवारना पाट व्हऊ द्या,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “पन तो निंघी तवय वळखाले कोनी पाहिजे. मी नही राहसू, कमल या घरमा नही राही. तू वळखशी ना?”

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. हिशोब तिघींनाही येत होता.

“वळखसू, आत्या,” मी म्हणाले.