हसणंही राहू दे

"पुन्हा एकदा म्हण ना ताई. 'दार लोटून घे', एवढंच."

ताईने पाण्याचा घोट घेतला आणि गळ्यावर हात ठेवून धाकटीकडे पाहिले. "कितीदा म्हणू? दार आता आपणहून लागेल."

दोघी हसल्या, पण ताईचे हसणे खोकल्यात बुडाले. पुढच्या आठवड्यात ताईच्या घशाचे ऑपरेशन होते. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावे लागणार, असे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते. त्याआधी ताईने पुरेशी वाक्ये वाचून ठेवली, तर पुढे ती जे टाइप करील ते मशीन तिच्याच आवाजात बोलणार होते.

"मी कपडे शिवणारी बाई. माझा आवाज काय गायिकेचा आहे, जपून ठेवायला?" असे म्हणून ताईने आधी विषय उडवूनच लावला होता. पण आई गेल्यावर धाकटीला झोपेतून उठवले ते ह्याच आवाजाने. रागे भरले, समजूत काढली, शिकायला धाडले तेही ह्यानेच. म्हणून रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम धाकटीने स्वतः लिहिला. नोकरीच त्या कामाची होती. आणि नेमका तोच आता दगा देत होता. मधेच 'टक्' व्हायचे आणि शब्दाचा लचका गायब. 'लोटून'मधला 'टू' कुठे सापडेना.

शेवटी तिने मुनीला फोन केला. ऑफिसात तिच्या शेजारी बसणारा हा सहकारी इतके कमी बोलायचा की सगळे त्याला मुनीच म्हणत. सुट्टीचा दिवस असून तो तासाभरात दारात हजर झाला. बराच वेळ त्याने कोड वाचला.

"माइकचा आवाज जिथं घेतेस, तिथंच फाइलमध्ये लिहितेस?"

"हो. घेतला की लगेच लिहायचा. हरवायला नको म्हणून."

"म्हणूनच हरवतोय. लिहिताना डिस्क मधेच अडते. ती अडली की तुझं ऐकणंही थांबतं. ताई थोड्याच थांबतात?"

धाकटीने कपाळावर हात मारला. हे तिला माहीत नव्हते थोडेच! भीतीने डोकेच चालेनासे झाले होते.

दोघांनी मिळून कामाची वाटणी केली. माइककडच्या भागाने आवाज घ्यायचा आणि आधीच राखून ठेवलेल्या मेमरीत टाकून मोकळे व्हायचे. फाइलमध्ये लिहायचे ते पाठीमागे चालणाऱ्या दुसऱ्या भागाने, आपल्या सवडीने. मग मुनीने परीक्षा पाहायला मुद्दाम एक अवाढव्य फाइल कॉपी करायला लावली. डिस्क घरघरू लागली.

"वाचा ताई."

ताईने वाचले. डिस्क अडखळली, आवाज अडखळला नाही. 'लोटून' सबंध आले. पुढचे वाक्य होते, 'मला जरा गप्प बसू द्या.'

"अगं, हे मी जन्मात कधी म्हटलं नाही!" ताई खुदकन हसली. धाकटीचा हात रेकॉर्डिंग थांबवायला पुढे गेला.

"चालू ठेव," मुनी म्हणाला. "हसणंही राहू दे."

संध्याकाळी निघताना धाकटी म्हणाली, "तुझे आभार कसे मानू, सुचत नाही रे." तो चपला शोधत म्हणाला, "चहा छान होता." पण ताईने त्याच्या शर्टाचे लोंबते बटण हेरून ठेवले होते. "उभा राहा इथं," म्हणत तिने ते उभ्याउभ्या शिवून दिले आणि दोरा दाताने तोडला. मुनी लहान मुलासारखा लाजला.

ऑपरेशन नीट पार पडले. काही दिवसांनी ताई उशीला टेकून बसू लागली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी, भिंतीकडे तोंड करून पडलेली, मागे हात नेऊन पाण्याचा पेला चाचपत होती. ताईने टॅब्लेट मांडीवर ओढला आणि एकेक अक्षर दाबले.

"थांबा, पेला सांडेल. मी देते."

आवाज जरासा सपाट होता, पण ताईचाच. धाकटीने खिडकीकडे मान वळवली.

"देवासारखी धावलीस गं बाई," म्हातारी कुशीवर वळत म्हणाली. तिने आधी धाकटीकडे पाहिले, मग दाराकडे. "कोण बोललं?"

धाकटी उत्तर देणार, इतक्यात ताईने गळ्यावरची पट्टी सारखी केली आणि हात वर केला.