तुरीचा एक दाणा

सावरटेक हे पारोळ्याहून आत जाणाऱ्या रस्त्यावरचं लहान गाव. या गावात तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. कुणी बैल मागितला, तर द्यायचा नसला तरी "सकाळी पाहू" म्हणायचं आणि सकाळी शेतात निघून जायचं. त्यामुळे ग्रामसभेत हात वर करायला सांगितलं, की मोठ्या शेतकऱ्याचा हात जिथे, तिथेच सगळ्यांचे हात.

हितेंद्र अमळनेरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकून परतला, तेव्हा त्याला हे खटकलं. त्याने चावडीत पडद्याआड एक रांजण ठेवला. शेजारी दोन टोपल्या, एकीत सरकी, दुसरीत तूर. प्रत्येकाने एकच दाणा टाकायचा: होकार असेल तर सरकी, नकार असेल तर तूर. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही बोटांनी फरक कळतो. प्रश्न कुणीही विचारावा, नाव न सांगता. एका विषयावर वर्षात एकच प्रश्न. रांजण म्हणेल तोच ठराव ग्रामसभेत मांडायचा. सरपंच झुलालआबांनी ते मान्य केलं.

पहिल्या वर्षी चांगलं झालं. दारूचं दुकान बंद झालं. भिलाटीतला, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतला, रस्ता आधी झाला. ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यांची मूठ रांजणात उघडू लागली. धुळ्याहून माणसं पाहायला आली.

शाळेतली पोरंही मधल्या सुट्टीत डबड्यात दाणे टाकून खेळू लागली. एकदा त्यांनी मेघा नावाच्या मुलीला खेळात घ्यायचं की नाही, हे डबड्याला विचारलं. डबा नाही म्हणाला. पुढचे कितीतरी दिवस मेघा भिंतीला टेकून उभी राहायची. का, ते एकाही पोराला सांगता येईना. मोठी माणसं हसली.

पोळा झाल्यावर चावडीच्या फळ्यावर नवा प्रश्न लागला: "तळ्यात पाणी यावं म्हणून नाला रुंद करावा आणि मधलं घर काढावं का?"

मधलं घर कुंदाबाईचं. गायरानावरचं, दोन खोल्यांचं. नवरा गेल्यापासून ती तिथे एकटीच राहत होती. गावातल्या निम्म्या बाळंतिणींना तिने शेक दिला होता. ती हितेंद्रकडे आली.

"नाला पलीकडून, प्रेमराजना कपाशीमधूनबी वळस. ते का नही इचारं?"

"अक्का, एका विषयावर एकच प्रश्न. मीच नियम केलाय, मीच कसा मोडू?"

"मंग जो पहिला इचारी, त्यानंच खरं?"

"गाव तुमचं आहे, अक्का," तो म्हणाला. "लोकांवर विश्वास ठेवा."

मग कुंदाबाई घरोघर गेली. प्रत्येक घरी चहा झाला. गावातला मोठा शेतकरी प्रेमराज म्हणाला, "तुन्हं घर कोन उठाडी? मी शे ना तुन्हा मागे." लोटननाना तर चिडलेच, "हाऊ प्रश्न टाकनारना हात झडोत!" शेजारच्या वनाच्या बायकोने तिला पोटाशी धरलं. परत येताना कुंदाबाईचं मन हलकं झालं होतं. फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात आली. चहा देताना सगळ्यांनी कपाकडे पाहिलं होतं.

रविवारी दाणे पडले. झुलालआबांनी सगळ्यांसमोर रांजण गोणपाटावर उलटा केला. पांढुरक्या सरकीचा ढीग झाला. सुपात घोळून पाहिलं, बोटांनी पसरून पाहिलं. तुरीचा दाणा एकच निघाला.

माणसं चपला शोधू लागली.

संध्याकाळी कुंदाबाईच्या दारात पहिला प्रेमराज आला. "अक्का, बठ्ठा गाव उलटना. तो एक दाना मन्हा व्हता." मग लोटननाना आले. "देवनी आन, तो मन्हा व्हता." वनाची बायको रडतच आली आणि तेच म्हणाली. एकामागून एक माणसं येत राहिली. कुंदाबाई प्रत्येकाला म्हणाली, "माले माहीत शे, बस."

शेवटी हितेंद्र आला. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"तूबी म्हनी टाक," ती म्हणाली. "बठ्ठा म्हनी ग्यात."

"तो माझा नव्हता, अक्का. तळं भरलं तर सगळ्यांच्या विहिरींना पाणी... मला वाटलं, तुमच्या बाजूने पुष्कळ असतील. माझ्या एका दाण्याने काय होणार?"

"तो मन्हा व्हता," कुंदाबाई म्हणाली.

हितेंद्र खालीच बसला. त्याने विचारलं, "मग हे सगळे आले होते, ते?"

"बठ्ठा."

"मी उद्या चावडीत सांगतो. एकेकाला उभं करतो."

"काही सांगू नको." तिचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "जर मी सांगी दिधं, तर या गावमा कोनी कोनना घरनं पानी पेवाव नही. लोकेसले पोरंबाळं शेत, त्यासले याच गावमा ऱ्हावानं शे."

ग्रामसभेत ठराव एकमताने झाला. जेसीबी आला त्या सकाळी सगळा गाव मदतीला हजर होता. कुंदाबाईला गावाच्या टोकाला पत्र्याची खोली दिली होती. बायकांनी भांडी अशी जपून धरली, जणू लेकीचं रुखवत. कुणी तिच्या कोंबड्या पाटीखाली झाकल्या, कुणी चूल उकरून शाबूत काढली. लोटननानांनी डोळे पुसले. ते अश्रू खरे होते, आणि हितेंद्रला त्यांचीच सर्वांत जास्त भीती वाटली. तो पुढे होऊन कशालाही हात लावू शकला नाही.

प्रेमराजने देव्हारा उचलायच्या आधी चपला काढल्या.