राक्षसबांधावरचे लाल तळवे

गावाबाहेरच्या बर्डीच्या, त्या बुटक्या टेकडीच्या माथ्यावर त्या दिवशी निदान तीनशे माणसं उभी होती. आज राक्षस आपल्याला जागवणाऱ्याचं नाव सांगणार, म्हणून सगळ्यांचे श्वास अडकले होते.

राक्षस म्हणजे तो बांध. राक्षसानंच तो रचला आणि त्याखाली निजला, असं गाव मानायचं. माथ्याभोवती पुरुषभर उंचीचा मातीचा बांध गोल फिरला आहे आणि आत मोठमोठे दगड वर्तुळात मांडलेले आहेत. तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाची माणसं आली, मोजमाप केलं आणि सांगून गेली की अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी टोपल्यांनी माती वाहून हे रचलं आहे. गावानं ऐकून घेतलं, त्यांना चहा पाजला आणि आपला राक्षस कायम ठेवला. टोपल्या वाहणाऱ्या माणसांपेक्षा राक्षस केव्हाही रुबाबदार.

अशा आयत्या राक्षसावर महिन्यापूर्वी चिमटानंद महाराज येऊन बसले होते.

"इस मिट्टी के नीचे असुर सोया था! कोणीतरी त्याले जागवलं! आता तो एकेक लेकरू खाईन!"

महाराज अर्धं हिंदी बोलत आणि अर्धं मराठी. दोन्ही धड नव्हतं, त्यामुळे ते फार विद्वान वाटत.

पहिल्या रांगेत बंडूजी होता. त्याची आठ वर्षांची खुशी नऊ दिवस तापानं फणफणत होती. आताही ती आईच्या, कोकिळाच्या मांडीवर डोळे मिटून पडली होती. "जाम गावच्या दवाखान्यात नेऊ ना," असं कोकिळानं रोज म्हटलं आणि बंडूजीनं रोज टाळलं. करणी भावकीतल्याच बाईची आहे, असं महाराजांनी सांगितलं होतं. ती बाई आज बांध दाखवणार होता.

भावकीतल्या आठ बायका ओळीनं उभ्या राहिल्या. हळद उकडण्याचे दिवस होते, त्यामुळे बायकांचे काय नि पुरुषांचे काय, साऱ्या गावाचे तळवे पिवळेजर्द होते. एकेकीनं बांधावर हात टेकवले, महाराजांनी त्यावर तांब्यातलं तीर्थ ओतलं. सात जणींचे हात पिवळेच राहिले.

आठवी कुंताबाई, बंडूजीच्या थोरल्या भावाची विधवा. तिच्यासाठी महाराजांनी पितळी गडू उचलला.

"विधवा का तीर्थ अलग!"

बरोबरच आहे, असं गावाला वाटलं. विधवेचं पान वेगळं, बसणं वेगळं, मग तीर्थही वेगळं. तीर्थ पडलं आणि कुंताबाईचे दोन्ही तळवे बघता बघता रक्तासारखे लाल झाले.

"खून! बच्ची का खून!" महाराज किंचाळले.

"म्हनूनच तिनं माहा जेसीबी अडवलता!" बबनराव ठेकेदार ओरडला. गेल्या वर्षी तो या बांधाचा मुरूम उपसायला आला होता. वाट कुंताबाईच्या वावरातून होती. ती यंत्रापुढं बसली, तहसीलमध्ये गेली आणि तिनं काम बंद पाडलं.

पहिली काठी बंडूजीनं मारली. हे लपवण्यात अर्थ नाही. कुंताबाईनं डोक्यावर आडवा धरलेला हात मोडला, तो आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. मग चारी बाजूंनी दगड आले. तिचं कपाळ फुटलं, लुगडं फाटलं.

"भाऊजी, काऊन मारता? माह्या हातची वाढली जी ते पोरगी!"

"वर्तुळ में लाओ! मोठ्या दगडावर डोकं ठेवा!" महाराज नाचत होते.

बंडूजीनं तिचं ओलं मनगट धरलं आणि तिला फरफटत ओढू लागला. दहा पावलांवर त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडं गेलं. तळवा लाल झाला होता. रक्त असेल, म्हणून त्यानं तो धोतराला पुसला. तरीही लालच. तिचं मनगट पाहिलं, तिथं जखम नव्हती. त्याचा दुसरा, कोरडा हात अजून पिवळा होता.

हा लाल रंग त्यानं कुठंतरी पाहिला होता. कुठंतरी कसला, रोजच! हळदीच्या दिवसांत चुना घेऊन तंबाखू मळली की तळवा असाच लाल होतो. तीस वर्षं तो हे पाहत होता.

"थांबा!" तो ओरडला. "चुना हाय हा! लेकहो, चुन्याचं पानी हाय!"

थांबतं कोण? एक दगड त्याच्याच तोंडावर बसला आणि पुढचा दात पडला. तो तसाच रक्त थुंकत धावला आणि त्यानं गडू हिसकावला. बबनरावानं त्याच्या पाठीत काठी घातली. बंडूजी गुडघ्यांवर आला, पण गडू सोडला नाही. समोर गावातलाच रूपराव हातात धोंडा घेऊन उभा होता. बंडूजीनं उरलेलं पाणी त्याच्या हातांवर ओतलं. रूपरावचे तळवे लाल झाले आणि धोंडा खाली पडला.

"आता मारा रूपरावले! त्यानंबी खाल्ली का माही पोरगी? चुन्याच्या डब्या हायेत ना खिशात? काढा, लावा हाताले!"

दहा-बारा डब्या उघडल्या आणि तितकेच हात लाल झाले. महाराज तोवर बांध चढून पळत होते. जमावानं त्यांना खाली ओढलं आणि त्याच काठ्या, तेच दगड त्यांच्यावर उगारले.

"नका मारू," कुंताबाई जमिनीवरूनच म्हणाली. "मले मारलं तवाबी इचारलं नाई, आता त्यालेबी इचारत नाई तुम्ही. पोलिसाले बोलवा. अन् आंधी पोरीले दवाखान्यात न्या."

पोलिस आले. महाराजांना बबनरावानंच आणल्याचं निघालं, दोघं जादूटोणाविरोधी कायद्याखाली आत गेले आणि मारहाणीच्या गुन्ह्यात बंडूजीसह अकरा जणांची नावं लागली. खुशीला मलेरिया निघाला. आणखी दोन दिवस गेले असते तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. राक्षसानं नव्हे, बापानंच पोरीचा जीव घेतला असता.

यात दैवी काही नव्हतं. हळदीवर चुना पडला की ती लाल होते, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी होते. विश्वास ठेवू नका, घरी करून पाहा. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी आणि काठी उचलण्याआधी एवढंच करायचं असतं: थांबायचं, विचारायचं, तपासायचं.

जामीन मिळाल्यावर बंडूजी दवाखान्यात गेला आणि हाताला प्लास्टर घातलेल्या वहिनीच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

"वयनी, मले समजलं तवाच मी थांबलो."

कुंताबाईनं पाय मागं घेतले.

"भाऊजी, मी खरंच करनी करत असती, तं मंग मारून टाकाले चाललं असतं का?"