परतीचं विमान

"जगात आता अंतर नावाची चीजच उरलेली नाही!" मास्टर बख्तावरसिंगांनी जाहीर केलं, आणि त्याच क्षणी त्यांची रिक्षा उसाच्या ट्रॉलीमागे अडकली.

"अमृतसर ते व्हँकुव्हर अकरा हजार किलोमीटर," चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या आवाजात ते पुढे म्हणाले. "वाटेत एकदा विमान बदललं, तरी दिवसभरात माणूस पोचतो."

"आणि आपण गुरुद्वाऱ्यात कधी पोचू, मास्टरजी?" त्यांच्या बायकोनं, बचिंत कौरनं विचारलं. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकचं विमान होतं.

मास्टरांनी समोरच्या उसाकडे पाहिलं.

परदेशचा व्हिसा मिळावा म्हणून या गुरुद्वाऱ्यात खेळण्यातलं विमान वाहायची रीत. दहा वर्षांपूर्वी मुलासाठी, जस्सासाठी बचिंतनं असंच एक वाहिलं होतं. मास्टरांनी तेव्हा यथेच्छ टिंगल केली; व्हिसा महिन्याभरात आला. पोरगा गेला तो गेलाच. तिथे राहायचे कागद अजून झाले नव्हते, आणि एकदा बाहेर पाऊल टाकलं की परत आत घेणार नव्हते. इकडे डॉक्टरांनी बचिंतला लोहडीपर्यंतची, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवसापर्यंतची मुदत दिली होती. लोहडी तोंडावर आली होती.

गुरुद्वाऱ्याच्या पहिल्याच पायरीवर ती बसली. धाप ओसरेना.

"तुम्हीच जा वर."

"मी? अगं भागवाने, मी काय सांगू तिथे?"

"पोरांना सांगायचात तेच. पृथ्वी गोल आहे म्हणावं. गेलेला फिरून घरीच येतो."

मास्टर विमान छातीशी धरून जिना चढले. वर एक म्हातारा सेवादार विमानं ओळीनं मांडत होता.

"या मास्टरजी! कुठला देश? कॅनडाची रांग भरलीय. ऑस्ट्रेलियात जागा आहे बघा."

"इकडचा."

"इकडचा म्हणजे?"

"मुलगा यायचाय. आईला भेटायला."

सेवादाराचा हात थांबला. त्यानं रांगांवरून नजर फिरवली. एकजात सगळ्या विमानांची नाकं एकाच बाजूला होती.

"असं कुणी आणलं नव्हतं बुवा आजवर," तो म्हणाला. मग त्यानं दोन विमानं सरकवून कोपऱ्यात जागा केली. "ठेवा तुमच्या हातानं. नाक कुठे करायचं?"

"आमच्या गावाकडे. पूर्वेला."

मास्टर गुडघ्यांवर बसले. विमान ठेवलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. खालून बचिंतचा खोकला ऐकू आला. त्यांनी मान वर करून पाहिलं. दरबाराच्या दालनाला चारी बाजूंना दारं होती, आणि चारी दारांत सारखंच पांढरं धुकं.

पंखावरचा हात त्यांनी तसाच ठेवला.

"बाबाजी," ते सेवादाराला हलक्या आवाजात म्हणाले, "पूर्व कुठली, तेवढं सांगता?"