गाण्यांची आचारसंहिता

आमच्या गुणगुण मंडळात पाच शनिवार कोणीही गायलं नव्हतं. आणि मंडळ गाण्याचंच आहे.

पलासियात एका बँकेच्या वर दातांचा दवाखाना आहे, त्याच्या वर आमचा हॉल. शनिवारी चार ते सहा आमचा, सहाला ईशाचा झुंबा क्लास. आम्ही एकोणीस मेंबर, बहुतेक रिटायर, सगळे मराठी. म्हणजे इंदूरचे मराठी, भांडण मराठीत सुरू होतं आणि रंगात आलं की हिंदीत जातं. काम तसं साधं. कराओकेचा ट्रॅक लावायचा, स्क्रीनवर शब्द येतात, माइक धरून गायचं, मग कचोरी खायची. मी सेक्रेटरी. मला गळा नाही, पण अक्षर बरं आहे.

बिघडलं बॅनरवरून. वार्षिक कार्यक्रमाच्या बॅनरवर 'सुवर्ण दशकातील गाणी' लिहायचं ठरलं होतं. छापणाऱ्याने फोनवर सहज विचारलं, "कौन सा दशक, आंटी? नीचे साल डालना है." मी वेडीने तो प्रश्न सभेत मांडला.

"पन्नासचं दशक. यात विचारायचं काय?" बाळकृष्णजी म्हणाले. ते आमचे अध्यक्ष, वय वर्षं एक्याऐंशी. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते, आणि तेव्हापासून त्या घरात ठराव झाल्याशिवाय काही होत नाही. त्यांच्याकडचा फ्रिजसुद्धा अनुमोदन घेऊन आलेला आहे.

"पन्नास? भिया, तेव्हा गाणी नव्हती, प्रवचनं होती," दत्तोपंत म्हणाले. हे रेल्वेतून रिटायर. "गाणी म्हणजे सत्तरची. ठेका ऐकला की माणूस खुर्चीत बसून राहिला नाही पाहिजे."

"डेटा काय म्हणतो ते बघू ना," असं विक्रांत म्हणाला, तो आमच्यातला सगळ्यात लहान, सत्तेचाळीसचा. कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पुढच्या शनिवारी त्याने आलेखच आणला. गाणं ऐकताना अंगावर दर मिनिटाला किती वेळा काटा येतो, त्याचा. नव्वदचं दशक सगळ्यात उंच.

"किती लोकांवर केलंस?" दत्तोपंतांनी विचारलं.

"एक. माझी बायको. पण पूर्ण कंट्रोलमध्ये."

"कोणाच्या?"

विक्रांतने आलेख गुंडाळला.

मतदान घ्यायचं ठरलं, तर दशक कुठून मोजायचं यावर दोन शनिवार गेले. मग गाण्याचं साल कोणतं धरायचं? बाळकृष्णजी म्हणाले, रेकॉर्ड झालं ते. दत्तोपंत म्हणाले, "मी रेल्वेतला माणूस. सुटल्याची वेळ धरत नाहीत, पोचल्याची धरतात. गाणं इंदूरला कधी पोचलं ते सांगा." त्यांच्या मते पन्नासची निम्मी गाणी लेट होऊन साठमध्ये पोचली होती.

आणि मग बाळकृष्णजींना त्यांच्या अकरा इलेक्शन ड्यूट्या आठवल्या. "मतदान जाहीर झालं आहे," ते उभे राहून म्हणाले, "म्हणजे आचारसंहिता लागू. निकाल लागेपर्यंत मंडळात कोणतंही गाणं म्हणणं हा त्या दशकाचा प्रचार समजला जाईल."

मला वाटलं कोणीतरी हसेल. एकोणीस लोकांनी हात वर केले. मीही केला, कारण मला हात मोजायचे होते आणि घाईत स्वतःचाही मोजला गेला.

विक्रांतने सियागंजातून लाख आणली. माइक कापडी पिशवीत घालून तोंड बांधलं आणि लाख ओतून बाळकृष्णजींनी अंगठीने मोहर मारली. दत्तोपंत जिन्यात गुणगुणताना सापडले म्हणून त्यांना नोटीस गेली. ती मीच लिहिली, तीन प्रतींत.

हे सगळं चाललेलं असताना मागच्या रांगेत सुलोचनाकाकू बसलेल्या असायच्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्यांचे मिस्टर, हरीभाऊ, कापड गिरणीत फिटर होते. ते गेल्यावर काकू एकट्याच राहायच्या. चार महिन्यांपूर्वी मंडळात आल्या आणि मला म्हणाल्या, "मला एकच गाणं येतं. पण माइकवर म्हणायचं आहे." त्यांचा नंबर लागणार, तेवढ्यात बॅनर आला.

आणि या शनिवारी त्या दारातच मला म्हणाल्या, "मंगळवारी मुलगा, निशांत, न्यायला येतोय. बंगलोर. आता तिकडेच. घर आवरून झालं."

"कायमच्या?"

"हो ना. म्हणजे आज शेवटचा शनिवार. आज होऊन जाईल का गं माझं?"

त्यांनी नवी साडी नेसली होती. घडीच्या रेघा दिसत होत्या. मी म्हटलं, "करू काहीतरी." आणि तिथेच जिन्यात त्यांच्या नावाने अर्ज लिहिला, कारण आमच्याकडे तोंडी काही चालत नाही.

बाळकृष्णजींनी अर्ज दोनदा वाचला. माणूस वाईट नाही. डोळे पाणावले त्यांचे. "सुलोचनाबाई, माझी व्यक्तिशः पूर्ण सहानुभूती आहे. पण गाणं कोणत्या दशकाचं आहे? पन्नास, सत्तर किंवा नव्वदचं असेल तर तो प्रचार होईल. मधलं कुठलं असेल तर हरकत नाही."

"साल नाही माहीत," काकू म्हणाल्या. "गिरणी चालू होती तेव्हाचं आहे."

"पिक्चर कोणता?" विक्रांतने मोबाइल काढला.

"पिक्चरमधलं नाही. गोपीनाथराव म्हणून होते, यांच्या शेजारच्या मशीनवर. त्यांनी रचलं. अनंतचतुर्दशीला आमच्या गिरणीची देखाव्याची झांकी निघायची ना, तिच्यामागे गाडीवर माइक लावून म्हणायचे. आमच्या सगळ्या चाळींत तेच. नळावर, लग्नात, पोरं झोपवायला. बायका मागे चालायच्या. माइक पुरुषांकडे."

"मतलब ट्रॅकच नाही," विक्रांत म्हणाला. "आणि लोकप्रिय म्हणता येईल का याला?"

"सहाशे घरं होती," काकू म्हणाल्या. "तुझ्या क्लासात किती पोरं आहेत?"

दत्तोपंतांनी टाळी वाजवली. मग बाळकृष्णजी म्हणाले, गाणं ऐकल्याशिवाय दशक कळणार नाही, आणि आचारसंहितेमुळे ऐकता येणार नाही. तेव्हा बाईंनी ते चालीशिवाय सांगावं. बातम्या सांगतात तसं.

काकू उभ्या राहिल्या. घसा साफ केला. आणि अगदी सपाट आवाजात, माळवीत, पत्ता सांगावा तसं म्हणाल्या, "भोंगो बाज्यो सात को, डब्बो रई ग्यो हात को. गेट पे ताळो लागी ग्यो, कूण पूछे म्हारी बात को."

खालच्या दवाखान्यातलं ड्रिल ऐकू येत होतं.

मला वाटलं, आता सुटलं. हे गाणं कोणाचंच नाही. गाऊ द्या म्हणतील.

"हे पन्नासचं आहे," बाळकृष्णजी हळूच म्हणाले. "ही शालीनता बघा. गेट बंद झालं तरी तक्रार नाही."

"तक्रार नाही? पूरी की पूरी तक्रार आहे!" दत्तोपंत उठले. "आणि भोंगा सातचा. हे सत्तरचं. ठेका तर बघा! सात को, हात को..." त्यांनी मांडीवर बोटं आपटली.

"दत्तोपंत, बोटं!"

"बोटं माझी आहेत."

"गेटला कुलूप लागलं म्हणजे गिरणी बंद पडायला लागलेली," विक्रांत म्हणाला. "नव्वद. सॉरी, पण लॉजिक आहे."

पाच मिनिटांपूर्वी जे गाणं लोकप्रिय आहे की नाही याची शंका होती, ते आता तिघांनाही आपल्याच दशकात हवं होतं. काकूंची साक्ष झाली. तेव्हा बटाटे कसे होते? चाळीत वीज होती का? हरीभाऊंकडे सायकल होती की स्कूटर? काकू खरंखरं सांगत होत्या, आणि प्रत्येक उत्तराने गाणं इकडून तिकडे जात होतं. सायकल म्हटल्यावर बाळकृष्णजींनी समाधानाने मान डोलावली. नंतर लूना घेतली म्हटल्यावर दत्तोपंतांनी सगळ्यांकडे विजयाने पाहिलं.

पावणेसहा झाले. काकू एकदा घड्याळाकडे बघायच्या, एकदा टेबलावरच्या माइकच्या पिशवीकडे.

"निर्णय देतो," बाळकृष्णजी म्हणाले. "तिन्ही दशकांचा दावा आहे. म्हणजे गाणं प्रचारकी आहे, ते तीनपट. अर्ज नामंजूर." मग खूप वेळ चष्मा पुसत राहिले. "मला फार वाईट वाटतं आहे, हे इतिवृत्तात घ्या."

मी घेतलं. लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं.

काकूंनी पर्सची चेन उघडली, रुमाल काढला, परत ठेवला, चेन लावली. एवढंच. पण त्या चेनचा आवाज मला सहन झाला नाही.

बरोबर सहाला दार ढकलून ईशा आली, मागे तिच्या पंधरावीस बायका, टाइट्स, पाण्याच्या बाटल्या, डोक्याला पट्टे. "काका लोग, टाइम हो गया! आज तरी वेळेवर सोडा."

मी उभी राहिले. "बाळकृष्णजी, सहा वाजले. सभा संपली का?"

"नियमाप्रमाणे संपली."

"आचारसंहिता सभेत लागू आहे, की हॉलला?"

त्यांनी तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. पणजोबांपासूनचं सगळं दफ्तर त्यांच्या कपाळावर उलटसुलट होताना मला दिसत होतं. "सभेत," ते शेवटी म्हणाले.

मी ईशाला कोपऱ्यात घेतलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. तिला दशकांचं काही कळलं नाही, पण बाकीचं लगेच कळलं. "पाच मिनिट वॉर्मअप असतोच आमचा," ती म्हणाली आणि स्वतःच्या गालावरचा माइक काढून काकूंच्या कानावर अडकवला. "आजी, हातात धरायचा नाही. बोला फक्त."

"बोलू नाही, गाईन," काकू म्हणाल्या, आणि ते वाक्य दोन्ही स्पीकरांतून एवढ्या मोठ्याने आलं की त्या स्वतःच दचकल्या.

बाळकृष्णजी घाईघाईने म्हणाले, "मतदारांनी बाहेर चला! कानावर पडलं तर मत बदलेल!" आणि सतरा मेंबर, त्यांत तिघे काठीवाले, एकमेकांना ढकलत जिन्याच्या चौकात गेले. दार काचेचं होतं. बहुतेक सगळे काचेला नाक लावून उभे राहिले, कानांवर हात ठेवून. हात जरा सैल होते.

काकूंनी डोळे मिटले आणि सुरू केलं. आवाज आधी थरथरला, मग जागेवर आला. जाड, उन्हातला आवाज, मधेच फाटणारा. चाल मला वाटली होती तशी रडकी नव्हती. चालण्याची होती, घाईच्या पावलांची. ईशाने चारदा मान हलवली आणि "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" म्हणून सुरुवात केली. वीस बायका भोंग्यावर डावीकडे गेल्या आणि डब्यावर उजवीकडे. 'गेट पे ताळो' आलं की सगळ्यांचे हात वर, बंद दार ढकलल्यासारखे. कोणी ठरवलं नव्हतं ते. काकूंनी डोळे उघडून हे पाहिलं आणि ओळ चुकल्या, हसल्या, पुन्हा धरली. पहिलंच कडवं त्यांनी चार वेळा म्हटलं.

काचेपलीकडे दत्तोपंतांचे दोन्ही हात कानांवर होते आणि दोन्ही पाय हालत होते. विक्रांत मोबाइलमध्ये काहीतरी मोजत होता, मग मोजायचं सोडून बघत राहिला. बाळकृष्णजी पाठ करून उभे होते. ते एकटेच नियमाने वागले, पण त्यांची पाठ ठेक्यात होती.

गाणं संपल्यावर झुंबावाल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, एक म्हणाली, "आंटी, ये वाला हर शनिवार करो ना." काकूंनी माइक काढायला मान पुढे केली. "नाही गं, बाळा," त्या म्हणाल्या. "मी जातेय."

बाहेर आलो तर सभा जिन्यातच पुन्हा सुरू झाली होती. आम्ही दोघी खाली उतरलो आणि ई-रिक्षात बसलो. चौकात सिग्नलला अडकलो, पुढेमागे नुसते हॉर्न.

"दुसरं कडवं विसरलात का?" मी विचारलं.

"विसरेन कशाला?" काकू रस्त्याकडे बघत होत्या. "त्यात माझं नाव आहे. एवढ्या बायकांसमोर स्वतःचंच नाव काय घ्यायचं?"

मी वळून बसले. "तुमचं?"

"गोपीनाथराव एकटे होते. यांच्या डब्यातच जेवायचे दोघं. म्हणून मी चार पोळ्या जास्त घालायचे. एकदा डबा न्यायला उशीर झाला, भर उन्हात धावत गेले, तोवर गेट बंद. त्यावर केलं त्यांनी."

"आणि हरीभाऊ?"

"हे ढोलक वाजवायचे की त्यावर." त्यांची बोटं पर्सवर वाजली. "फार छान वाजवायचे."

मग तिथेच, माझ्याकडे न बघता, त्यांनी म्हटलं. "कीजो सुलोचना बई से, दौड़ी ने मत आवजे. भूखा तो रई जावांगा, छाया में घर जावजे."

त्यांच्या बाजूला एक बस हॉर्न देत होती. धावत येऊ नकोस, उपाशी राहू आम्ही, एवढं ऐकू आलं; शेवटचं 'सावलीतून घरी जा' मला ओठांवरूनच कळलं.

"आवाज कसा लागला?" त्यांनी विचारलं.

"हॉर्न फार आहेत, काकू. पुढे गेल्यावर म्हणा ना."

"तेव्हा काय शांतता होती? कोणी गायला लागलं म्हणून गिरणीतले साचे बंद होत नव्हते, बाई. सगळं कापड विणत असायचं धडाधडा, त्याच्या वरून म्हणायला लागायचं," सुलोचनाकाकू म्हणाल्या. त्यांनी पर्स माझ्या मांडीवर ठेवली, रिक्षाची दांडी धरून अर्ध्या बाहेर झुकल्या आणि बसच्या वरून, पहिल्यापासून, नावासकट पुन्हा सुरुवात केली.