ओली नळी, कोरडी नळी

माझ्या धाकट्या भावाचं, लवूचं, लग्न हे आमच्या घरातलं पहिलं बौद्ध पद्धतीचं लग्न. भटजी नाही, मुहूर्त नाही. वंदना झाली, हार घातले, चहा दिला. ते साल १९५७. त्याच साली दिवाळीनंतर आमच्या लालबागच्या चाळीच्या पटांगणात भुजंगबाबा येऊन बसला.

गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसे. मधोमध काचेची पेटी, वर बारीक जाळी, आत बाबानं पाळलेला नाग. आजारी माणसाला पेटीपुढं निजवायचं. बाबा पेटलेल्या कोळशांचं धुपाटणं त्याच्यावरून ओवाळायचा, मग ते पेटीमागं ठेवून मंत्र पुटपुटायचा. थोड्या वेळात काचेवर आतून धुकं धरायचं, थेंब ओघळायचे. निपचित पडलेला नाग फणा काढून काचेवर धडकायचा.

"घाम फुटला! देवाला घाम फुटला! तुझा ताप त्यानं ओढला रे बाळा! आता औषध घेशील तर ताप परत येईल, दुप्पट होऊन येईल!"

बाबाला सगळंच ठाऊक. "मुंबई महाराष्ट्राचीच! नागोबानं केव्हाच फणा डोलावलाय!"

"मगे आमी मार कित्याक खाल्लो?" गर्दीतून गुणाजी ओरडला. "ही पेटीच दिल्लीक धाडूक होयी होती!"

माणसं हसली, आणि हसत हसत पेटीच्या पाया पडली.

गुणाजी मालवणकडचा, माझ्याच गिरणीतला. मी रिंगवर सूत कातायचो. तो साचाखात्यात, म्हणजे माग चालतात तिथं. तिथली हवा दमट नसली की धागा तुटतो. म्हणून भिंतीवर फॅरनहाइट अंश दाखवणाऱ्या पाऱ्याच्या दोन नळ्या असत. एक कोरडी. दुसरीच्या टोकाला भिजलेली वात. हवा कोरडी असली की वातीचं पाणी उडतं आणि ओली नळी गार पडते. दोन्ही आकडे जवळ आले की हवा पाण्यानं भरली समजायचं. वात भिजवून आकडे फळ्यावर लिहिणं हे गुणाजीचं काम. त्या आकड्यांपुढं जॉबरही, म्हणजे खात्याचा मुकादमही, गप्प बसे. मला आकडा वाचता येत नव्हता, पण यंत्र खोटं बोलत नाही एवढं मी गिरणीत शिकलो होतो.

माझी शैला सात वर्षांची. तिला आठवडाभर ताप होता. नाक्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "विषमज्वर आहे. इस्पितळात न्या." माझी बायको रमाबाई घाबरली. इस्पितळातून तिचा भाऊ परत आला नव्हता. रविवारी आम्ही पोरीला बाबापुढं निजवलं.

"घरातले देव कुठं आहेत?" बाबानं विचारलं.

"वरळीच्या समुद्रात," मी म्हणालो.

"मग ताप येणार नाही तर काय पेढे येणार?"

रमाबाई रडू लागली. काचेवर धुकं धरलं.

गुणाजी मला जिन्यात भेटला. "बुधाजी, अक्कल गहाण ठेवलीस? सापाला घाम येत नाही. त्याला स्वतःची ऊब नसते. भोवती असेल तेवढीच त्याची ऊब. थांब, गुरुवारी मोजतो."

गुरुवारी तो गिरणीतून काढून टाकलेल्या दोन नळ्या घेऊन आला. पटांगणातली हवा मोजली. कोरडी एकोणऐंशी, ओली अडुसष्ट. बाबा हसला. "मोज की! देवाला कसली भीती?" शैलाला पुन्हा पेटीपुढं निजवलं. ओवाळणं झालं, धुकं धरलं, गुणाजीनं जाळीची कड जरा उचलून नळ्या आत सोडल्या आणि वाचल्या.

"कोरडी अठ्ठ्याण्णव. ओली सत्त्याण्णव."

तो पुढं काही बोलणार तोच बाबा उठून उभा राहिला. "ऐकलंत? बाहेर एकोणऐंशी, आत अठ्ठ्याण्णव! पोरीचा ताप देवाच्या अंगात गेला. गिरणीचं यंत्रच साक्ष देतंय!"

पटांगण दणाणलं. गुणाजी ओरडत होता, ते कुणाला ऐकू गेलं नाही. आणि मी? मीही हात जोडले. बाबावर माझा पुरता विश्वास नव्हता. त्या नळ्यांवर होता.

"अरे, पोर नसताना मोजायला हवं होतं," गुणाजी कपाळावर हात मारून म्हणाला. "चुकलंच माझं. तिला इस्पितळात ने."

"तूच म्हणायचास ना, यंत्र खोटं बोलत नाही?"

शुक्रवार गेला, शनिवार गेला. पोरीचं पोट फुगलं. रविवारी ती उचलवेना. गुणाजी दारात आला. "तिला बाबापुढं नेऊ नको. तिच्या गोधडीत तक्क्या गुंडाळ आणि चल. देव खरा असेल तर तक्क्या ओळखील."

आम्ही तो तक्क्या पेटीपुढं निजवला. बाबानं ओवाळलं, धुपाटणं मागं ठेवलं, मंत्र म्हटले. काच धुरकटली, नाग उठला.

"घाम फुटला! पोरीचा ताप उतरला!"

गुणाजीनं गोधडी ओढली. "ह्या कापसाचा ताप उतरला काय रे, महाराज?"

मग त्यानं पेटी फिरवली. पेटीच्या बुडाला खण होता, त्याचं तोंड बाबाच्या बाजूला. धुपाटणं त्या खणात सरकवलेलं. वर पत्रा, पत्र्यावर ओलं गोणपाट. त्याची वाफ मुद्दाम ठेवलेल्या फटींतून वर चढून गार काचेवर बसायची. खालून भाजलेला नाग सुटायला धडपडायचा. गोणपाटाचा तो उबट, ओला वास माझ्या नाकात गेला. गिरणीतला, रोजचा वास. चाळीतल्या निम्म्या माणसांना तो ठाऊक होता.

बाबा गर्दीतून सटकला. काही जण हसले. कमळाबाई नावाच्या म्हातारीनं मात्र पेटीवर फूल वाहिलं. "तक्क्यावरसुद्धा दया केली गो माझ्या नागोबानं!"

तिला काय समजवायचं? मी घराकडं धावलो. त्याच संध्याकाळी शैलाला इस्पितळात नेली. डॉक्टर म्हणाले, "आतडं फुटलंय. तीन-चार दिवस आधी का नाही आणलीत?"

पुढं रात्रीच्या शाळेत मी आकडे आधी शिकलो, अक्षरं मागून. वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर मोजा. पण काय मोजतो, केव्हा मोजतो, आणि आजारी माणूस तिथं नसतानाही आकडा तोच येतो का, हे विचारा. नळी खरं तेच बोलली होती, पेटीत वाफ भरलीय एवढंच. ती वाफ कुठून आली, ते मी विचारलं नाही. आणि हे सगळं ठरेपर्यंत आजाऱ्याला ताटकळत ठेवू नका.

नाग सोमवारी पेटीत मेलेला सापडला. आमची शैला मंगळवारी, ३ डिसेंबर १९५७ रोजी दुपारी वारली.